खरं बोलायची पाच मिनिटं

सोमवार, २ फेब्रुवारी

— तर मी त्या खुर्च्यांचं सांगत होते. स्टाफरूममधल्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर कोणाचं ना कोणाचं नाव कोरलंय. शाळेच्या खुर्चीवर, खिळ्याने. आणि हेच लोक पोरांना बेंचवर कोरलं म्हणून तासभर दारात उभं करतात. मी नवीन, म्हणून मला स्टूल. सात महिने झाले तरी नवीनच. नको मला तुमची खुर्ची. मी मधल्या सुट्टीत सातवीच्या वर्गात बसते, पोरांबरोबर डबा खाते. त्यावरून रोजचा टोमणा — "बाई, तुम्हाला पण एक दप्तर घेऊन देऊ का?" की सगळे खो खो हसणार. एकच विनोद सात महिने पुरवून पुरवून वापरतायत.

मी इंग्रजी शाळेतली, मला अजून 'मिस' ऐकायची सवय आहे, इथे 'बाई'. कोणी 'बाई' म्हटलं की वाटतं, आई मागे उभी आहे.

असो. आजची मजा. रोल नंबर १२, तो मागच्या बेंचवरचा लांबुडका, उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, सापळ्याच्या तक्त्यावर मिशा मी काढल्या." कोणी विचारलं नव्हतं, कोणी चुगली केली नव्हती. आपणहून! माझी 'खरं बोलायची पाच मिनिटं' चालतायत. शेवटच्या तासाची शेवटची पाच मिनिटं, ज्याचं काही चुकलं असेल त्याने उठून सांगायचं. शिक्षा नाही, ओरडा नाही, मी फक्त घरी येऊन वहीत लिहिते.

स्टाफरूममध्ये सांगितलं तर किल्लीसर चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "पाच मिनिटांत खरं? आम्हाला तीस वर्षांत नाही सापडलं." किल्लीसर म्हणजे आठवीचे विज्ञानाचे सर. प्रयोगाच्या कपाटाची किल्ली कमरेला, झोपताना पण काढत नसतील. बिस्किट चहात पडलं. बरं झालं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

रोल नंबर १३. जी मुलगी हजेरीला पण तोंड उघडत नाही, नुसता हात वर करते, ती. उभी राहून म्हणाली, टेबलावरचे दोन खडू मी घेतले. मला भरून आलं.

ताईला फोनवर सांगितलं. ताई म्हणे, "तू टीचर आहेस की पोलीस?" अगं पोलीस तर ते बाकीचे सगळे आहेत! तिला नाही कळणार. ती बँकेत आहे.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

काल लिहायला झालं नाही. काल नंबर १४ — दुसऱ्याची पाण्याची बाटली सांडली. आज १५ — शिट्टी वाजवली. रोज कोणीतरी उठतंच!

सातवीच्या पोरांना 'सूक्ष्मदर्शक'ची व्याख्या तोंडपाठ आहे. एका सुरात म्हणतात. मी विचारलं, बघितलाय का कोणी? एकानेही नाही. कपाटात आहे, बाई, काचेतून डबा दिसतो. डबा दिसतो म्हणे!

किल्लीसरांकडे गेले. "खराब होईल." मग वापरायचा कधी? "पोरं हाताळतात." पोरांसाठीच आहे ना, सर? त्यावर असं बघितलं माझ्याकडे, जसं मी त्यांच्या घरचं फर्निचर मागितलं. डोळे तर कायम अर्धे मिटलेले, त्या अर्ध्यात पण मलाच वैताग दाखवायचा.

मी सरळ मोठ्या सरांकडे गेले. मुख्याध्यापक म्हणजे मोठे सर. ते कशालाच नाही म्हणत नाहीत आणि हो पण म्हणत नाहीत. "बघा बुवा तुमचं तुम्ही" म्हणाले. मी ते हो धरलं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

सोमवारी कपाट उघडणार! आज नंबर १६, फळ्यावर रेघोट्या. आज ऐकताना लक्षच नव्हतं माझं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

घाईघाईत लिहितेय, अक्षर बघ.

सकाळ सोन्यासारखी गेली. शिपाईमामांनी डबा आणून दिला, किल्लीसरांनी रजिस्टर पुढे केलं, मी सही ठोकली. कांद्याचं पापुद्र्यासारखं साल काचेवर ठेवलं, छोट्या पॉवरची काच लावली, आणि पोरं रांगेने एकेक डोळा लावून. "बाई, विटांची भिंत!" "बाई, हे सगळं कांद्यात असतं?" चष्मेवाली तर हलेचना. चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं, परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. ही माझी सगळ्यात हुशार मुलगी. सरकारी विज्ञान शाळेत, तिथेच राहून शिकायला, तिची निवड जवळजवळ झालीय. फक्त वर्तणुकीचा दाखला जोडून शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचा. तिची आई इस्त्रीचं दुकान चालवते. त्या दुकानात बसून, कपड्यांच्या गठ्ठ्यांवर वही ठेवून अभ्यास केलाय पोरीने.

मधे मोठ्या सरांनी मला हजेरीच्या कुठल्यातरी तक्त्यासाठी बोलावलं. दहा मिनिटं वर्गात मी नव्हते. फक्त दहा.

शेवटच्या तासाला किल्लीसर डबा घ्यायला आले. एकेक काच उजेडाकडे धरून बघितली. मोठ्या पॉवरच्या काचेला तडा. इकडून तिकडे, आरपार. रजिस्टर उघडून माझ्या सहीवर बोट ठेवलं — 'सर्व भाग सुस्थितीत मिळाले'. मी एकही भाग बघितला नव्हता. घाई, उत्साह, दुसरं काय.

"आता काय, पाच मिनिटं आहेत ना तुमची?" असं म्हणून ते दारातच उभे राहिले.

आणि चष्मेवाली उठली. "बाई, माझ्या हातून झालं."

किल्लीसर तिला तिथूनच मोठ्या सरांकडे घेऊन गेले. मी मागे मागे, "मी शिक्षा नाही असं सांगितलंय, सर, मी प्रॉमिस केलंय" करत. किल्लीसर वळलेसुद्धा नाहीत. "तुम्ही केलंय. शाळेने नाही."

मंगळवार, १० फेब्रुवारी

दाखला अडवला. मोठे सर म्हणतात, शाळेच्या वस्तूची मोडतोड केलेल्या मुलीला 'वर्तणूक उत्तम' असं मी कसं लिहू? काल संध्याकाळपर्यंत ह्या माणसाला कुठल्याच गोष्टीवर मत नव्हतं.

तिची आई आली होती. दुकान बंद करून, हाताला अजून कपड्यांची ऊब असेल अशी. "साहेब, माझी पोरगी घरात वाटी पडली तरी दोन दिवस तोंड लपवते. ही मोडून गप्प बसणारी नाही." मग पोरीकडे वळून, "बोल ना गं. तुझ्या हातून झालं का खरंच?" पोरगी जमिनीकडे बघत. "माझ्याच हातून झालं." आईने एवढंच म्हटलं, "बरं." तो 'बरं' मला दिवसभर ऐकू येतोय.

स्टाफरूममध्ये सगळे सहानुभूतीचे चेहरे करून बसलेले. एक बाई स्वेटरचे टाके मोजत म्हणाल्या, "म्हणून आम्ही काही उघडतच नाही." किती अभिमान! तीस वर्षं काही उघडलं नाही, ह्याचा अभिमान.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आज सकाळी ही वही चाळत होते. मोठ्या सरांना दाखवावं म्हणून — बघा, मुलं कशी खरं बोलतात, त्यांना शिक्षा केली तर पुन्हा बोलणार नाहीत. आणि दिसलं. बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा. चष्मेवालीचा रोल नंबर सतरा. मागची पानं उलटली. एक नंबरपासून ओळीने, अडतीस झाले की परत एक. कोणी गैरहजर असेल तर तो परत आला की त्याचा नंबर.

माझ्याच हाताने लिहिलंय मी हे. माझ्यापेक्षा गाढव शाळेत कोण आहे?

मधल्या सुट्टीत डबे उघडल्यावर विचारलं. आधी सगळे एकमेकांकडे. मग लांबुडका म्हणाला, "पाचवीपासून आहे, बाई." पाचवीत काही मोडलं की किल्लीसर अख्ख्या वर्गाला नाव मिळेपर्यंत उभं करायचे. शाळा सुटली तरी. मग ह्यांनी ठरवलं, नंबराने उठायचं. ज्याचा नंबर त्याने म्हणायचं मी केलं, आणि सगळ्यांनी वेळेवर घरी जायचं. ज्याच्या घरी कोणी आजारी असेल त्याला सूट. वाढदिवसाला सूट. आणि कोणी केलं, ते कोणी कोणाला विचारायचं नाही.

"मग ते खडू?" मी हात वर करणाऱ्या मुलीला विचारलं.

"मी नव्हते घेतले, बाई." पहिल्यांदा पूर्ण वाक्य ऐकलं तिचं.

"मग सांगितलंस कशाला?"

तिने लांबुडक्याकडे बघितलं. लांबुडक्यानेच सांगितलं, "आधी काही मोडलं तरच उठायला लागायचं. तुम्ही आल्यापासून रोज. तुम्ही रोज पाच मिनिटं वाट बघत बसता ना, बाई. कोणी नाही उठलं की तुमचा चेहरा उतरतो. मग आम्ही काहीतरी शोधतो."

"मिशा तर मीच शोधल्या," दुसरा एक जण म्हणाला. "आधी मिशा काढल्या, मग ह्याने सांगितलं." आणि सगळे हसले. मला पण त्यात हसायला बोलावल्यासारखे.

मी म्हटलं, ठीक आहे, मग काच कोणी फोडली? आता तरी. तिची शाळा जातेय.

चष्मेवालीने डब्याचं झाकण लावलं. "बाई, खरंच कोणाला माहीत नाही. आणि विचारू नका."

"अगं पण तू नाही ना फोडलीस?"

"नंबर माझा होता."

"तुझा दाखला—"

"मी आज नाही म्हटलं, तर उद्या अठरा नंबर कशाला उठेल?"

बारा वर्षांची पोर. बी.एड.ला दोन वर्षं 'मूल्यशिक्षण' शिकले मी. पीपीटी केली होती, ॲनिमेशन टाकून.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

रात्रभर एकच विचार. मोठ्या सरांना ह्या नंबरांच्या यादीचं सांगितलं तर? अडतीस जणांचे अडतीस पालक बोलावतील, 'कट' म्हणतील, आणि दाखला तसाही मिळणार नाही. नाही सांगितलं तर फक्त तिचा जातो.

तरी गेले. म्हटलं, सर, तिने नाही फोडली, मला खात्री आहे. मोठे सर पेन उघडून बसले. "मग कोणी?" माहीत नाही. पेन बंद. "बाई, फाइलला एक नाव लागतं. कोणाचं का असेना."

कोणाचं का असेना! हे असे वर बसलेत. तोंडावर सांगून टाकावं वाटलं, की सर, तुम्ही माणूस नाही, पंचिंग मशीन आहात, भोक पाडलं की काम झालं.

त्याऐवजी कागद मागितला. तिथेच त्यांच्या टेबलावर लिहिलं. 'सूक्ष्मदर्शकाची काच माझ्या निष्काळजीपणामुळे फुटली. विद्यार्थिनीचा संबंध नाही.' मराठी अर्ज लिहायची वेळ आली की माझी फजिती होते, आज एक खाडाखोड नाही.

मोठ्या सरांनी वाचलं, आणि लगेच, त्याच मिनिटाला, दाखल्यावर सही केली. वर्तणूक उत्तम. मग म्हणाले, "तुम्हाला कायम करायचं की नाही, ते एप्रिलमध्ये ठरतं. हा कागद तेव्हा फाइलमध्ये सगळ्यात वर असेल." मी म्हटलं, असू दे. "आणि हा कागद आहे तोवर तो दाखला आहे. उद्या येऊन वेगळं काही सांगू नका."

चष्मेवालीला दाखला दिला. तिने घडी न घालता वहीत ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की जसं मी तिची जागा घेऊन बसलेय. थँक्यू वगैरे काही नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे खोटं लिहून दिलंस?" हो. आणि सात महिन्यांत पहिल्यांदा मला त्या शाळेत स्वतःची लाज वाटली नाही. त्या स्टाफरूममधल्या एकाने तरी आयुष्यात असा कागद लिहिला असता का?

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

शिपाईमामा डबा कपाटात परत ठेवत होते. म्हणाले, "बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. तुमच्या आधीच्या नवीन सरांनी पण असंच पत्र दिलं होतं."

कशाबद्दल?

"ह्याच काचेबद्दल. आणि त्यांच्या आधीच्या बाईंनी पण."

म्हणजे तडा तेव्हापासूनचा. किल्लीसरांना माहीत होता. माझ्यापुढे रजिस्टर धरताना माहीत होता. मी विचारलं, मामा, मग पहिल्यांदा फोडली कोणी? ते कुलूप ओढून बघत म्हणाले, "ते कोण विचारत बसलंय, बाई."

फॉर्म आज दुपारी गेला. पत्र मागे घेतलं तर तिचा दाखला जातो. नाही घेतलं तर पुढच्या वेळी जो कोणी नवीन येईल, त्याच्यापुढे हेच रजिस्टर. माझं डोकं चालत नाहीये. तूच सांग, तू असतीस तर काय केलं असतंस?