भिंतीवरचा ईलंड आणि इतर मालमत्ता

मी, मोहन गजानन चिरमुले, निवृत्त टूलमेकर, राहणार नॉटिंगहॅम, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी मागे लागलेले नसताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. आधीचे रद्द समजावे. सॉलिसिटरबाई म्हणाल्या, भाषा कुठलीही चालते, सह्या नीट हव्यात. इंग्रजी मी आयुष्यभर कामापुरते बोललो, तेव्हा हे मराठीत. फुप्फुसाचे दुखणे आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, मीही ऐकून घेतले आणि येताना दूध घेऊन आलो.

कलम एक. माझे मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि शेडमधली सगळी हत्यारे कीथला, टूलरूममधल्या माझ्या दोस्ताला. रायफलही त्यालाच, त्याच्याकडे पोलिसांचे लायसन्स आहे. माझी एक कानस त्याने कधीच परत केली नाही, ती आता राहू दे.

कलम दोन. आमच्या मराठी मंडळाला काहीही देऊ नये. गॅरेजमधल्या सतरंज्या त्यांच्याच आहेत, त्या घेऊन जाव्यात. कारण सेक्रेटरी राजीव यांना विचारावे. गणपतीच्या आरतीला भरल्या हॉलमध्ये ते म्हणाले होते, "या मोहनराव, गाय पचली का?" आणि वर खो खो हसले. माझी बायको सुप्रभा तेव्हा हातात ताम्हण घेऊन उभी होती.

ती गाय नव्हती. १९८८ साली मी कीथबरोबर झिंबाब्वेला शिकारीला गेलो आणि ईलंड मारला. ईलंड म्हणजे आफ्रिकेतले हरीणच, पण बैलाएवढे. चालताना त्याचे गुडघे टक टक वाजतात, दिसायच्या आधी ऐकू येतो. वारा तोंडावर घेत सकाळभर आम्ही त्याच्या मागावर होतो. वाटाड्याने हात वर केला. मी काठ्यांच्या तिकाटण्यावर रायफल टेकवली आणि खांद्यामागे गोळी घातली. तो थोडा पळाला, मग पुढचे पाय मुडपून खाली बसला. जवळ गेलो तेव्हा डोळ्यावर माशी बसली होती आणि पापणी हलत नव्हती. कीथने माझी पाठ थोपटली. आनंद होईल असे वाटले होते, झाला नाही. वाईटही वाटले नाही. मांस कॅम्पवरच्या लोकांनी वाटून घेतले. डोके भुसा भरून, मोठ्या खोक्यातून, पुष्कळ उशिराने घरी आले.

सुप्रभाने फोनवर विचारले होते, "अहो, काय मारलंत?" ईलंडला मराठीत शब्द कुठून आणू? म्हटले, "अगं, नीलगायीसारखं असतं." झाले! तिने फोनच ठेवून दिला. खोके उघडल्यावर तिने सगळे नीट निरखून पाहिले. "गळ्याखाली गाईसारखी पोळी लोंबतेय, फोटोत वशिंड दिसतंय, नावात गाय आहे. आणि म्हणे हरीण!"

"अगं बाई, नीलगायसुद्धा गाय नसते."

"मग नाव काय उगाच ठेवलं?"

डोके फ्रंटरूममध्ये गॅसफायरच्या वर लागले. तिने त्याच दिवशी तिथले देव उचलून वर बॉक्सरूममध्ये नेले आणि त्या खोलीत परत बसली नाही. टीव्ही दारातून बघायची, उभ्याने.

कलम तीन. हे घर माझी एकुलती एक मुलगी उल्का हिला. ती कार्डिफला हॉस्पिटलात फिजिओ आहे. सुप्रभा ९३ साली गेली. लोकांना दर्शन घेता यावे म्हणून तिला घरी आणले, तेव्हा उल्का म्हणाली, "बाबा, ते डोकं खाली काढा. आई त्याच्याखाली नाही राहणार." मी म्हटले, भिंतीत बोल्ट आहेत, दोन माणसे लागतील. खरेच लागतात, मीच बसवलेत. शेवटी सुप्रभाला पॅसेजमध्ये ठेवले, जिन्याला लागून. लोक अंग चोरून नमस्कार करत होते. त्यानंतर उल्काने या घरात पाऊल टाकलेले नाही. फोनवर "बरे आहात ना?" विचारते, मी "बरा आहे" म्हणतो. मी तिची वाट बघतो. हे बोलायला जमले नाही म्हणून इथे लिहितो. घर तिच्या नावावर झाले की तिला आत यावेच लागेल, दुसरा उपाय मला सुचला नाही. डोक्याचे तिला काय करायचे ते करू दे.

साक्षी. शेजारच्या शशीताई कर्णिक आणि त्यांचे यजमान सही करणार होते. शशीताईंनी मला न विचारता उल्काला बोलावून घेतले. ती बाहेर त्यांच्या गाडीपाशी उभी आहे. आत ये म्हटले, आली नाही. मराठी वाचायला तिला जड जाते, म्हणून शशीताईंनी कलम तीन तिला वाचून दाखवले. ती सगळे ऐकून म्हणाली, "बाबा, विटनेस मी होते."

"अगं वेडे, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. इथला कायदाच आहे तसा. तू सही केलीस तर घर तुझं राहणार नाही."

"माहिती आहे, बाबा. म्हणूनच." मग म्हणाली, "थंडी आहे. कोट घालून या."

कलम तीन मी खोडलेले नाही. या शेवटच्या ओळी गाडीच्या बॉनेटवर लिहीत आहे. आम्ही तिघे एकमेकांदेखत सही करत आहोत.

स्थळ: नॉटिंगहॅम, घराबाहेर
दिनांक: १८ नोव्हेंबर १९९५

लिहून देणार: मोहन गजानन चिरमुले

साक्षीदार:
१. शशी कर्णिक
२. उल्का मोहन चिरमुले