उत्तरेकडची काच

धुळे,
सोमवार, १३ एप्रिल २०२६

चि. कुंदन,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझे दाजी शिरपूरच्या साइटवर आहेत, मुलांच्या परीक्षा संपल्या, आणि आखाजीच्या सांजोऱ्यांसाठी आईने सोनगीरहून रवा-साखरेचा हुकूम पाठवला आहे. पत्र बघून हसशील. हस. पण फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजवर अंगठ्याचं चित्र टाकून मोकळा होतोस. कागदावर तसं करता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी कामाचं सांगते. मी आखलेल्या तुझ्या जळगावच्या ऑफिसातल्या फोनच्या दोन्ही खोल्यांना अस्तर लागलं, आता आत कुणी कितीही ओरडलं तरी बाहेर ऐकू येणार नाही. उभं राहून काम करायच्या टेबलांवर तुझ्याकडे काम करणारी मुलं डबे खातात असं दिसतं, कारण त्यावर तेलाचे गोल उमटलेत. आणि कुणाची ठरलेली जागा नको, जो येईल त्याने मिळेल तिथे बसावं, हा तुझा आग्रह होता ना? एका मुलीने खिडकीजवळच्या टेबलाला छोटा गणपती चिकटवून टाकला आहे. आता तिथे कोण बसणार? मला फार आवडलं. तो काढू नकोस.

आता तुझा परवाचा मेसेज. 'अक्का, समोरच्या काचेला आतून दुधी फिल्म लावून घे. उन्हाचा त्रास होतो. कसंही करून रविवारच्या आत पाहिजे.'

कुंदन, ती काच उत्तरेची आहे. जळगावचं ऊन कुणाला सोडत नाही हे खरं, पण त्या काचेतून ते तुझ्या टेबलावर येत नाही. नकाशा दाखवताना मी तुला हे सांगितलं होतं, तेव्हा तू जांभई दिलीस. उत्तरेला साधी काचही चालली असती. चमकणारी तुला हवी होती. हायवेवरून जाणाऱ्याने मान वळवली पाहिजे, म्हणालास. भिंती नकोत, केबिन नको, आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही, असंही म्हणालास. आणि बसल्या जागेवरून गेट दिसलं पाहिजे, हे तर दोनदा सांगितलंस. म्हणून तुझी खुर्ची मी स्वतः तिथे बसून ठरवली. तिथून पायरी दिसते, गेट दिसतं, वॉचमन चुडामणची खुर्ची दिसते, पलीकडच्या टपरीवर चहा कोण पितं तेही दिसतं.

रविवारच्या आत फिल्म का, हे मला पहिल्यांदा कळलंच नाही. रविवारी तर आखाजी, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर उद्घाटन. नाना फीत कापणार. शेतमालाचे भाव सांगणाऱ्या कंपनीच्या दारात शेतकरी बाप उभा राहणार, फोटो छान येतील. मग काच का झाकायची?

गेल्या मंगळवारी आपलं भेटायचं ठरलं होतं, आठवतं का? मी दोनला येणार होते. आले, पण आत आले नाही. तुला फोनवर म्हणाले, माझी गाडी बिघडली. गाडी ठणठणीत होती.

मी गेटशी उतरले तेव्हा नाना तुझ्या काचेसमोर उभे होते. पायऱ्यांची फरशी चकचकीत, म्हणून वहाणा खाली काढून ठेवलेल्या. ती फरशी दुपारी कशी तापते मला माहीत आहे, मीच निवडली आहे. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. काखेत सोनगीरच्या तांबटाकडून करून आणलेली तांब्याची घागर. समोर आरसा आहे असं समजून त्यांनी टोपी नीट केली, उपरण्याने तोंड पुसलं, मिशीवरून हात फिरवला. मग जवळ जाऊन दात बघितले आणि स्वतःशीच हसले. बाहेर लख्ख उजेड असला की बाहेरच्याला त्या काचेत फक्त आपलं तोंड दिसतं. आतल्याला सगळं दिसतं. आत साठ माणसं होती, तुझे बंगळुरूचे पाहुणे होते, आणि तू होतास.

तेवढ्यात चुडामणने त्यांना काहीतरी सांगितलं. मला बघून नाना म्हणाले, "कुंदन नही शे वं. धुळाले गया."

धुळ्याहून मी आले होते, तुलाच भेटायला.

त्यांना गाडीत बसवून मी चुडामणला बाजूला घेतलं. बिचारा मान वर करेना. म्हणाला, "ताई, आतून फोन आला होता. साहेब धुळ्याला गेलेत म्हणून सांग." त्याने नानांना आपली खुर्ची दिली होती. पाणीही दिलं होतं. घागर त्याच्याकडेच ठेवून आम्ही निघालो. येणाऱ्याजाणाऱ्याला दारात गार पाणी मिळावं म्हणून नानांनी ती आणली होती.

तुझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर तू आठ फुटी शेतकरी लावला आहेस. टोपीवाला, हसणारा. तो कोण कुठला, हे तुलाही ठाऊक नाही. त्याच्यासमोर पाहुण्यांना बसवतोस आणि खऱ्याला गेटवरून परत पाठवतोस! मला तुझा भयंकर राग आला होता.

पारोळ्याच्या पुढे नानांनी विचारलं, "दीपा, त्या काचना मझारथून भाहेरनं दिखस का?"

मी म्हणाले, "नाही नाना. आतून काहीच दिसत नाही."

जे शिकले, ज्यावर पोट भरते, त्याच्या बरोबर उलटं बापाला सांगितलं. तुझ्यासाठी नाही सांगितलं. त्यांच्यासाठी सांगितलं. ते म्हणाले, "मंग ठीक शे," आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले.

तेव्हा मला वाटलं, मिटलं. रविवारचं डोक्यातच आलं नाही. नाना फीत कापून आत येतील, कौतुकाने चारी बाजूंना बघतील, मागे वळतील, आणि त्यांना पायरी दिसेल. गेट दिसेल. जिथे त्यांनी दात बघितले ती जागा दिसेल. तुझ्या हे माझ्याआधी लक्षात आलं, म्हणून ऊन लागायला लागलं तुला.

फिल्म लावणारा माणूस मिळतो. दोन तासांचं काम आहे. तुझा मेसेज आल्यावर मी त्याला विचारूनही ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू. तू माझा लहान भाऊ आहेस. तुझी फजिती चारचौघांत व्हावी असं मला वाटत नाही.

पण काल रात्री नानांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, कांद्याचं बोलले. ठेवता ठेवता म्हणाले, "दीपा, त्या हापिसले मांगला दार शे का? मी तठून येसू."

"का हो नाना? फीत तर पुढे आहे."

"फीत पोरगीस्ना हाते कापी ल्या. मी पुढून उनू तं पोरगं लाजी जाई."

कुंदन, त्यांना सगळं माहीत आहे. मी थाप मारली तेव्हाच कळलं असावं, त्यांना माझा आवाज कळतो. आणि ते रागावलेले नाहीत. रागावले असते तर मी हे पत्र लिहिलं नसतं. तुला लाज वाटू नये म्हणून ते सामान उतरवायच्या दाराने यायला निघालेत.

मी सांगितलं, मागे दारच नाही. दार आहे, तुला माहीत आहे. ही माझी दुसरी थाप. तिसरी मी मारणार नाही, म्हणून फिल्म लावणार नाही. दुसऱ्या कुणाकडून लावून घेतलीस तर त्या ऑफिसवरचं माझं नाव काढून टाक.

आखाजीला भाऊ बहिणीला न्यायला येतो. यंदा मला न्यायला येऊ नकोस, शनिवारी सोनगीरला ये. पाहुण्यांचं सांगू नकोस, मीटिंगचं सांगू नकोस. 'नाना, मी आत होतो,' एवढंच म्हण. पुढे काय बोलायचं ते नाना बघतील, ते तुझ्यापेक्षा शहाणे आहेत. मग त्यांना तुझ्या गाडीत बसव आणि रविवारी पुढच्या दाराने आत ने, वहाणांसकट.

आखाजीला आपण गेलेल्या माणसांसाठी घागर भरतो. जिवंत बापाची घागर तुझ्या गेटवर पडून आहे. निदान ती आत घे.

आलास तर बरं. नाही आलास तर नानांचा हात धरून मी त्यांना पुढूनच आणीन. ते मागे वळून काचेकडे बघतील तेव्हा तू कुठे बघायचंस, ते आतापासून ठरवून ठेव.

शनिवारी सकाळपासून सोनगीरच्या ओट्यावर तुझी वाट बघत बसलेली,
अक्का