नाव ठेवायचं आहे, नावं नव्हेत

सानपाडा, नवी मुंबई
शनिवार, दुपारी दोन

ती. सौ. वहिनींना,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्यामुळे तूर्त तो पत्रातच धरावा.) तुम्ही, दादा, स्वानंद, सूनबाई नमिता आणि अजून नाव नसलेली ती चिमुरडी, सगळे खुशाल असाल. जर्मनीत थंडी फार आहे असं दादानं कळवलं. त्याला कानटोपी घालायला लावा, जर्मन लोक हसले तर हसू देत. माझी प्रकृती बरी आहे. रक्तदाब वाढला आहे, पण त्याला कारण प्रकृती नाही, ते पुढे येईल. हे पत्र तुम्ही नेहमीप्रमाणे दादाला मोठ्यानं वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. दाखवा. मात्र ताजा कलम आला की थांबा आणि उरलेलं एकटीनं, मनात वाचा. ही विनंती नाही.

उद्या आपल्याकडच्या साडेचारला तुमच्या नातीचं बारसं. स्वानंदला सख्खी बहीण नाही, म्हणून त्याच्या मुलीचं नाव ठेवण्याचा मान त्याच्या आत्याकडे, म्हणजे माझ्याकडे आला. चव्वेचाळीस वर्षं तुम्ही चारचौघांत सांगत आला आहात की आमच्या वन्सं नावं ठेवण्यात पटाईत. (तीस वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत तपासणी केली. खोट काढण्याचाच मला पगार होता, त्यामुळे मी हे कौतुक समजते.) तर आयुष्यात एकदा एकवचनी नाव ठेवायची वेळ आली. अनुभव नाही असंही नाही, कारण चारुलता हे तुमचं लग्नातलं नाव मीच सुचवलेलं. पण उद्या मी पडद्यावर दिसणार की नाही, हे आज दुपारपर्यंत मला माहीत नाही. स्वानंदनं तोडगाही काढून ठेवला आहे. त्याच्या कचेरीतली क्षिप्रा नावाची कोणी मुलगी मानलेली आत्या म्हणून पाळण्याशी उभी राहील आणि इंटरनेटवरच्या यादीतलं एखादं नाव ठेवील. मुलगी चांगली असेल. पण आत्या मानता येत असती तर सख्ख्या आत्यांनी इतकी वर्षं काय केलं?

आता घडलं ते क्रमानं सांगते. माझा संगणक तुम्ही पाहिला आहे. सगळं यंत्र पडद्यातच, काळी कडा, आणि वरच्या कडेला मधोमध कॅमेऱ्याचा बारीक डोळा. जर्मनीला निघण्याआधी पाच रात्री तुम्ही त्याच खोलीत झोपलात, तेव्हा तो ठणठणीत होता. (तुमच्या टिकल्यांबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण न्हाणीघराच्या आरशावर दोन, फ्रिजच्या दारावर एक आणि कपाटाच्या मुठीवर एक अशा मसुराएवढ्या काळ्या टिकल्या मला मागाहून सापडल्या. पाच रात्री, चार टिकल्या. पाचवी जर्मनीला गेली असं धरून चालते.) गेल्या रविवारी सकाळी बारशाची पहिली चाचणी झाली. मला तुम्ही सगळे दिसलात. स्वानंद म्हणाला, "आत्या, आवाज येतोय, पण तुझ्याकडे अंधार आहे." सकाळचे साडेदहा वाजले होते. मी पडदे सरकवले, ट्यूबलाइट लावली, स्वयंपाकघरातला दिवासुद्धा लावला. अंधार हलेना. कॅमेऱ्याशेजारचा हिरवा ठिपका मात्र साळसूदपणे पेटलेला. स्वानंदनं तिथूनच निदान केलं की ड्रायव्हर जुना झाला असेल. कॅमेरा बोलतो ते संगणकाला समजावून सांगणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर, असं त्यानं मला समजावलं. (हे मी दादाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "गाडी कधी घेतलीस?")

नुसत्या आवाजानं भागेल, असं स्वानंदचं म्हणणं पडलं. नुसत्या आवाजानं भागायला मी काय आकाशवाणी आहे? आणि आकाशवाणी झाली त्या घरातल्या बाळांचं पुढे काय झालं, ते कंसाच्या बहिणीला विचारा. माझ्या मोबाईलला बटणं आहेत, आणि शेजाऱ्यांच्या फोनवरून नाव ठेवलं तर शेजारी वर्षभर नावं ठेवतील. तेव्हा सोमवारी मी सारसोळ्याहून रूपेशला बोलावलं. चाळिशीचा गृहस्थ आहे, कामाला बरा. गावात संगणक दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात त्याचे वडील देवजी मासेमारीची फाटकी जाळी शिवत बसतात. रूपेशनं कॅमेऱ्याकडे एक नजर टाकली (एकच, हे लक्षात ठेवा), "ड्रायवरच गेलाय, मॅडम" असा निकाल दिला आणि इंटरनेटवरून एक नवा ड्रायव्हर उतरवून घातला. कॅमेरा उघडला. पडदा निळा झाला, त्यावर एक रडकं तोंड उमटलं आणि यंत्र पडलं, म्हणजे बंद पडलं, आणि आपोआप पुन्हा सुरू झालं. मी भौतिकशास्त्र शिकले त्या काळी यंत्र बिघडलं तर धूर निघायचा, वास यायचा, त्यात काही सभ्यता होती. हे यंत्र चूक स्वतः करतं आणि तोंड वाकडं करून दाखवतं.

त्या दिवसापासून मी पडझडीची वही घातली. तारीख, वेळ, काय केलं, काय झालं. मंगळवारी रूपेशनं पहिल्यावर दुसरा ड्रायव्हर घातला. तीन पडझडी. बुधवारी मी वाशीहून वेगळा सुटा कॅमेरा आणला. तो आपला ड्रायव्हर माहेराहून घेऊनच आला होता, त्यामुळे आता पडद्यातला कॅमेरा उघडला तरी यंत्र पडे आणि सुटा लावला तर ते आणखी लवकर पडे. रूपेश घाम पुसत म्हणाला, "मॅडम, एका गाडीत तीन ड्रायवर बसलेत आनि स्टेरिंग एक हाय. ती गाडी झाडावरच जानार." मी विचारलं, तिघांना बसवलं कोणी? गुरुवारी मी रंगीत तालीम ठेवली. नाव ठेवताना आत्याच्या पाठीत बुक्के मारणारं कोणी हवं, म्हणून वरच्या मजल्यावरच्या गोजराबाईंना बोलावलं. (उत्साही बाई आहेत. वहीतली नववी पडझड ड्रायव्हरमुळे की गोजराबाईंमुळे, हे मी प्रश्नचिन्ह घालून सोडलं आहे.) पण वहीचा उपयोग झाला. नोंदी वाचताना दिसलं की पडद्यातला कॅमेरा उघडला की यंत्र बरोबर अकराव्या सेकंदाला पडतं. दहाव्याला नाही, बाराव्याला नाही. म्हणजे उद्या काही सुधारलं नाही तर माझ्या हाती दहा सेकंद. मी घड्याळ लावून सराव केला. नमस्कार काढून टाकला. कुर्र एकावर आणलं. तरी माझ्या मनात ठरवलेलं नाव चार अक्षरी, त्यात एक जोडाक्षर, आणि त्या जोडाक्षराशी आले की निळा पडदा. असं सातदा झालं. वहिनी, मी कारखान्यात फुटलेल्या व्हॉल्व्हसमोर उभी राहिलेली बाई आहे, पण काल संध्याकाळी "कुर्र" म्हणताना माझा आवाज कापला, हे तुम्हाला म्हणून सांगते.

आज सकाळी संगणक मांडीवर घेऊन रिक्षानं सारसोळ्याला गेले. रूपेश आणखी एक ड्रायव्हर घालायच्या तयारीत होता. देवजी जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "गुंतला का वढायचा नाय. एकेक गाठ सोरवायची." बापानं सांगितलेलं रूपेशला पटलं नसतं, म्हणून तेच मी दरडावून सांगितलं. मग त्यानं तिन्ही ड्रायव्हर एकामागून एक, प्रत्येकाची वहीत नोंद करून माझ्या देखत काढले आणि संगणकाबरोबर आलेला मूळचा जुना तेवढा ठेवला. बाराला घरी आले. चारला स्वानंदबरोबर शेवटची चाचणी आहे. तोवर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही असं ठरवून हे ई-मेलनं पाठवायला टंकते आहे. (कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही तर यंत्र गाईसारखं चालतं.) बाकी सर्व ठीक. दादाच्या गोळ्या वेळेवर द्या. बाळाला माझा पापा द्या, पण आधी हात धुवा.

तुमची,
वन्सं

ता. क. (सव्वातीन. इथे थांबा. दादाला पाणी आणायला पाठवा.) खरं काम हे आहे. उद्या यंत्र पडलं तर त्या क्षिप्राला पाळण्याजवळ येऊ देऊ नका. माझी खिडकी काळी झाली की तुम्ही पुढे व्हायचं, बाळाच्या कानात कुर्र करायचं आणि नाव सांगायचं. आजीला हा अधिकार नसतो असं कोणी म्हणालं, तर त्याला माझा नंबर द्या.

नाव जाई.

तुम्ही माप ओलांडून आलात त्या संध्याकाळी तुमचं माहेरचं नाव ऐकून मी म्हटलं होतं, "जाई? मग येई कधी?" सगळे हसले. तुम्हीही हसलात, कारण नव्या सुनेला दुसरं काही करता येत नाही. मग मी चारुलता सुचवलं आणि दादानं ते अंगठीनं तांदळात लिहिलं. मी तेव्हा नुकतीच पदवीधर झाले होते, मला लांब नावांची हौस होती. तुमच्या आईला ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. त्या "चारलता" म्हणत आणि भीतभीत माझ्याकडे बघत. तुमच्या व्हिसाच्या वेळी दाखल्यावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं निघालं, म्हणून आपण बेलापूरला वकिलाकडे प्रतिज्ञापत्र करायला गेलो, ते आठवा. त्यानं मान खाली घालून विचारलं, नाव? आणि तुम्ही "जाई" म्हणालात. लगेच. मागून कोणी हाक मारावी आणि ओ द्यावी, तसं. मग स्वतःच दुरुस्त केलंत. मी शेजारी बसून झेरॉक्स मोजत होते. तुम्हाला वाटलं असेल, माझं लक्ष नव्हतं.

तपासणी खात्यात चुकीचा शेरा पडला तर तो लपवत नाहीत. एक रेघ ओढतात, बाजूला बरोबर ते लिहितात आणि सही करतात. ही ती सही. यात हळवेपणा शोधू नका. नाव दोन अक्षरी आहे, जोडाक्षर नाही, दहा सेकंदांत आरामात बसतं. जर्मन लोक त्याचं याई करतील, त्यांना करू दे.

ता. क. २ (पावणेपाच.) चाचणी झाली. यंत्र पडलं नाही. एक मिनिट गेलं, पाच गेली, वीस गेली. रूपेशचा मी मनात सत्कार केला. तेवढ्यात स्वानंद म्हणाला, "आत्या, क्रॅश नाही, पण अंधार तसाच आहे. मी क्षिप्राला सांगून ठेवतो." मी चष्मा काढून पुसला आणि हात स्वस्थ बसेना म्हणून तेच फडकं पडद्याच्या कडेवरून फिरवलं. वरती मधोमध ते अडखळलं. मसुराएवढी. काळी. काळ्या कडेवर. पाचवी.

रात्री दिवा मालवण्याआधी बंद पडद्याचा आरसा करून तुम्ही कॅमेऱ्याच्या डोळ्यावर टिकली लावलीत आणि झोपलात. टिकलीमुळे अंधार, अंधारामुळे ड्रायव्हर, एका ड्रायव्हरवर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, आणि एकूण एकोणीस पडझडी. मी ती काढली, तशी तिकडे मी दिसू लागले आणि तुमचं पहिलं वाक्य आलं, "वन्सं, किती वाळलात!" मी गप्प राहिले, याचं आश्चर्य वाटलं असेल तर कारण आता कळलं. रूपेशला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे मॅडम, कॅमेरा आंधला नव्हता. सवाशीन होता."

टिकली जपून वगैरे ठेवलेली नाही. पडझडीच्या वहीत शेवटच्या पानावर पुरावा म्हणून चिकटवली आहे.

ता. क. ३ (साडेपाच.) आता दहा सेकंदांची अडचण राहिली नाही. माझ्या मनातलं पहिलं नाव हिरण्मयी होतं. कॅमेरा उघडून सावकाश म्हणून पाहिलं, जोडाक्षरासकट नीट उमटतं. मीही उद्या दिसणार आहे, ऐकू येणार आहे. म्हणजे पहिल्या ताज्या कलमातल्या विनंतीला आता काही कारण उरलेलं नाही. तो कलम खोडावा म्हणून मी अर्धा तास बसले होते.

खोडलेला नाही. उद्या मी साडेचारला पडद्यासमोर असेन, गोजराबाई माझ्या पाठीशी असतील, आणि बुक्के मी खाईन. स्वानंद "आत्या, नाव सांग" म्हणेल तेव्हा मी तुमच्याकडे बोट दाखवीन. तुम्ही वाकायचं आणि त्या मुलीच्या कानात तुमचं नाव सांगायचं. स्पष्ट, एकदाच, आणि बेलापूरला दुरुस्त केलंत तसं दुरुस्त न करता. पाळण्याला फुलं कमी बांधलीत, दादाची कानटोपी वाकडी आहे, हे सगळं मला इथून दिसेल आणि मी बोलेन. नाव तुम्हीच ठेवा. नावं ठेवायला मी आहे.