ओसरी आणि माजघर

९ सप्टेंबर
साइट सुरू होऊन महिना झाला. मखमलाबादच्या बाराही फुलवाल्या आत आल्या. आधी कमलमावशी आल्या, मग बाकीच्या. त्यांच्याशिवाय कुणी हलत नाही. बारा जणींचं मोठ्या कंपनीच्या साइटवरचं जुनं पान उन्हाळ्यात अचानक बंद झालं, सहा वर्षांचे फोटो गेले. अर्ज केले, उत्तर नाही. म्हणून माझ्या भाचीने, ऋचाने, ही त्यांची स्वतःची साइट उभी केली. मालेगावच्या यंत्रमागवाल्यांची त्यांची वेगळी, तरी एकमेकांचं वाचता येतं. मधे मालक कुणी नाही.
मावशी: "म्हंजे आता कोनी बंद नाय ना करनार?"
"नाही," म्हटलं. छातीठोकपणे.

१४ सप्टें.
उद्याचा फुलांचा तोडाही आता साइटवरच. संध्याकाळी प्रत्येकीने क्रेट सांगायचे, त्यावरून टेम्पोवाला गोरख जागा धरतो. आधी फोनाफोनीत एखादी राहूनच जायची.
मावशींनी लिहिलं, "झेंडू नऊ, शेवंती दोन. गोरख, माझे क्रेट खाली घालू नको, मागल्या खेपेला शेवंतीची चपाती झालती." मालेगावच्या कुण्या मागवाल्याने त्यावर हसरा चेहरा पाठवला. मावशी दिवसभर खूश.

२० सप्टें.
मावशी बाजारातून थेट घरी. चहा नको म्हणाल्या, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं.
टेम्पो थांबतो न थांबतो तोच फुलबाजारातला एक व्यापारी म्हणाला, "या मावशी. आज मखमलाबादचे एक्केचाळीस क्रेट ना? मग बोलीला घाई कशाला?" रोज संध्याकाळी आमचं वाचत होता. चोरून नाही, सगळ्यांना दिसतच होतं.
"ताई, गोरख वरून ताडपत्री टाकतो ती काय पावसापायी? माल किती हाय ते उतरेपर्यंत फुटू द्यायचं नसतं, भाव पडतो. तुम्ही दार सताड उघडं ठेवलं."
चूक माझी. ऋचाने सुरुवातीला विचारलं होतं, मजकूर कुणाला दिसावा? मी म्हटलं, सगळ्यांना. बत्तीस वर्षं पेपरच्या डेस्कवर. लिहिलेलं सगळ्यांपर्यंत पोचवायचंच असतं, दुसरं काही असू शकतं हे डोक्यातही आलं नाही.

२१ सप्टें.
ऋचाने तोड्याचं सगळं पुसलं. पण जोडलेल्या साइट्सवर प्रती गेलेल्या. त्यांना 'पुसा' असा निरोप आपोआप जातो, ऐकणं न ऐकणं त्यांच्याकडे. पेपरच्या पार्सलांची गाडी सुटली की अंक परत येत नाही, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का?
मालेगावची साइट सांभाळणाऱ्या रफिकभाईंचा फोन. "आपा, हमने मिटा दिया. मौसी से कहना, हम भी कपड़े के थान कितने निकले, बाहर नहीं बताते."
एका साइटकडून अजून काही नाही. आकडे शिळे झालेत, कुणाच्या कामाचे नाहीत. पण मावशींना मी शब्द दिला होता. बंद होणार नाही एवढंच सांगितलं, उघडं राहील हे नाही.

२४ सप्टें.
साइट ओस. मावशी नाहीत म्हणून अकरा जणी नाहीत. पुन्हा फोनाफोनी. गोरख वैतागलेला: "काल राधाबाईचे क्रेट बांधावरच राहिले. तुमचं काय ते मिटवा, शिव्या मला बसत्यात."
ऋचा दोन बटणं करतेय. एक सगळ्यांसाठी, एक फक्त बारा जणींसाठी. मी 'जाहीर' आणि 'खाजगी' सुचवलं. सरकारी वाटतं म्हणाली. खरंय.

२८ सप्टें.
ऋचा आणि मी मावशींच्या मळ्यात गेलो. माफी मागितली. मावशींनी हातात पाटी दिली. तासभर झेंडू तोडला. बोटं अजून पिवळी.
मग ऋचाने बटणं दाखवली. मावशींनी फोन लांब धरून पाहिला. "ही ओसरी. आन् हे माजघर." ऋचाने तिथल्या तिथे तीच नावं दिली.
"कडी आतून हाय ना?"
"आतून. पण मावशी, एक चावी माझ्याकडे राहते. सर्व्हर मी सांभाळते, मला दिसू शकतं."
हे आत्ताच सांगायची काय गरज होती, असं मला वाटलं. मावशी तिला म्हणाल्या, "लगीन कधी करती?"
"आणि लिहिणार ना परत?" मी.
"बघू."

४ ऑक्टो.
दुसरी माळ. दसरा आठवड्यावर, तोडा रोज वाढतोय. कालही कुणाचे तरी दोन क्रेट राहिले.
ओसरीवर दुपारी मावशींचा फोटो! घटावरची झेंडूची माळ, खाली "आमच्या मळ्यातली". मालेगावहून चार हसरे चेहरे.
माजघरात एकच ओळ, राधाबाईंची: "कमळे, तू आधी."
सहा वाजता गोरख. "ताई, उद्याला जागा किती धरू?"
"सातपर्यंत थांब."
"तुमच्या पेपरावानी का?"
"हो. सात म्हणजे सात."
पावणेसात. माजघरात काही नाही.
सात. डेस्कवर असताना मी कुणासाठी पान थांबवलं नाही. मंत्र्यासाठीसुद्धा नाही.
सात वाजून पाच. गोरखला फोन केला. साडेसात म्हटलं.