शिंप्याच्या ताग्यातली काठी

दि. ४ जून

कोणाला विचारून तू त्या बालकल्याणाच्या ऑफिसात माझं नाव कळवलंस? काल तिथल्या बाईचा फोन आला. म्हणाली, नात आजीकडे वाढते असं समजलं, महिनाअखेरीला घर बघायला येते. समजलं म्हणे. वारा सांगून गेला असेल.

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. आधी भांडण आणि मग आशीर्वाद, हा उलटा क्रम रागामुळे झाला. शाळेला बोल लावू नकोस, जरी माझी दुसरीतच सुटली.

वि. वि. तुझी ताई गेली, जावयाने दुसरं घर मांडलं, तेव्हापासून तिची ठकी माझ्यापाशी आहे. खालच्या शिंप्याची काज-बटणं करून आमचं दोघींचं चाललंय, कोणापुढे तोंड वेंगाडलं नाही. आता ही बाई येणार, माझे गुडघे बघणार आणि म्हणणार की म्हातारीला स्वतःला उठवत नाही, ती पोर काय सांभाळणार. मग ठकीची रवानगी कुठल्यातरी वसतिगृहात. शेजारीण सांगते, तिच्या भाच्याचं तसंच झालं. शेजारीण खोटं बोलते, पण दर वेळी नाही.

तेव्हा मी ठरवलंय, त्या दिवशी काठी दिसू द्यायची नाही. बाई यायच्या आधीच खुर्चीत बसून राहीन, गुडघ्यांचा विषयच निघायला नको.

तुझी बायको मागे आली होती तेव्हा जेमतेम चार शब्द बोलली. मी तिला सोडायला उतरले तर मान वळवून वळवून जिन्याकडे बघत होती. झाडलेला नव्हता, माहीत आहे मला. तिला सांग, आता झाडलाय.

ठकीचा पुढचा दात पडला. बोलायची मात्र थांबत नाही.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
आई


दि. ११ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

शिव्या सुखरूप पोचल्या. क्रेनच्या केबिनमध्ये बसून वाचल्या, खाली मुकादम हातवारे करून दमला. हो, मीच कळवलं. जो काय राग काढायचा तो माझ्यावर काढ.

आई, काठी लपवू नकोस. ती माणसं पोर न्यायला येत नाहीत, असं मला पक्कं सांगण्यात आलंय. तरी तुझं पत्र वाचल्यापासून मीही दिवस मोजतोय, खोटं कशाला बोलू. ठकीला इकडे आणावं तर आमची एक खोली, माझी पाळी संपते तेव्हा हिची दवाखान्यात सुरू होते. शिवाय ती तुला सोडून राहायची नाही. आणि तू तिला सोडून राहशील का, हे विचारायची माझी छाती नाही.

हिने तुझं पत्र दोनदा वाचलं. मग एवढंच म्हणाली की जिना स्वच्छच होता.

बाई येऊन गेली की लगेच कळव. रागाने का होईना, तुझा लोभ पत्रातून येत राहू दे.

तुझा,
धाकटा


दि. १४ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद. या खेपेला क्रम सरळ आहे, म्हणजे समज काय ते.

वि. वि. बाई आली आणि गेली. ठकी इथेच आहे, माझ्यासमोर बसून मी लिहितेय ती फळी लाथाडतेय.

तुझं ऐकलं नाही. काठी शिंप्याने माझ्याकडे ठेवलेल्या अस्तराच्या ताग्यात घातली आणि तागा घट्ट गुंडाळून कोपऱ्यात उभा केला. कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण बाई यायच्या जरा आधी शिंपी वर आला आणि गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून तोच तागा खांद्यावर टाकून गेला. त्याला अडवावं तर शेजारीण दारात उभी, कान टवकारून. मी बसले खुर्चीत, महाराणीसारखी.

बाईने सगळं विचारलं, मी सगळ्याची उत्तरं ठणकावून दिली. गुडघे कसे आहेत म्हणाली, तर म्हटलं तुमच्यापेक्षा बरे. ती हसली, जायला उठली. दारापर्यंत जायला नको का? मी हातांवर जोर दिला, उठवेना. पुन्हा दिला, उठवेना. तेवढ्यात ठकी खेळणं टाकून आली, माझ्या काखेत खांदा घातला, मला म्हणाली की तीन म्हटलं की उठायचं, आणि उठवलं. रोज सकाळी करते तसं. तिला सांगावं लागलं नाही, हेच आमचं चुकलं.

मला वाटलं, संपलं. परत खुर्चीत बसले. बाईपण परत बसली. म्हणाली की हेच बघायला आले होते, आजी पोरीला सांभाळते, तर आजीला कोण उचलतं. पोर न्यायचा विचार कोणाच्या मनात नव्हता म्हणे, आपल्या माणसांतच वाढावी असंच त्यांनाही वाटतं. मी तिला पाणी दिलं नव्हतं, ते तेव्हा दिलं. म्हणजे ठकीने दिलं.

आता त्या ऑफिसातली एक मुलगी ठकीला शाळेत सोडते-आणते. माझे गुडघे त्यांच्या डॉक्टरने दाबून बघितले, गोळ्या दिल्या. आणि शनिवारी त्यांच्याकडे बैठक असते, नातवंडं-भाचरं सांभाळणाऱ्यांची. मी जाणार नव्हते. गेले. एक जुना बस कंडक्टर आहे, दोन नाती पदरात, वेणी म्हटली की घाम फुटतो. काजाचा जाड दोरा खुर्चीला बांधून त्याला शिकवली. पहिली वेणी दोरखंडासारखी झाली. माझ्याशिवाय तिथे सगळे रडतात. तरी बरं वाटतं, इतकी वर्षं वाटायचं की आपणच एकटे. तिथे बसायला जागा नव्हती.

काठी शिंप्याला कापड कापताना सापडली, ती त्याने वर आणून दिली. त्या दिवसापासून काज-बटणं तोच वर आणतो, तोच नेतो.

आता तुझं बघते. बाईला मी विचारलं की माझ्या मुलाने काय काय सांगितलं. ती म्हणाली, मुलाचा फोन कधी आलाच नाही, सुनेचा आला होता. सासूबाई जिना आडव्या होऊन उतरतात, कठडा दोन्ही हातांनी धरतात, आणि मदत मागायच्या नाहीत, असं ती म्हणाली म्हणे. म्हणजे ती जिना बघत नव्हती, मला बघत होती. आणि तू माझ्या शिव्या तिच्या वाटच्या खाल्ल्यास. बरं केलंस. तुझ्याकडून एवढीच अपेक्षा होती.

गोळ्या खाऊन घ्यायच्या की रिकाम्या पोटी, ते डॉक्टर भरभर बोलला, मला कळलं नाही. या पत्राचं उत्तर तू द्यायचं नाहीस. जिने फोन केला तिने द्यायचं, तिच्या हाताने. चार शब्दांत भागवायचं नाही.