साहेबांचे सात दाणे

प्रिय सूनबाई,

आज सकाळी सव्वासात वाजता साहेबांनी स्वतःच्या चोचीने मक्याचे सात दाणे टिपले. सात हा आकडा माझा नव्हे, शेजारच्या नर्सबाईंचा. त्या ड्युटीवर निघाल्या होत्या. खांद्यावरची पर्सही न उतरवता मागच्या ओट्यावर उभ्या राहिल्या, मोठ्याने दाणे मोजले आणि म्हणाल्या, "काका, आता सूनबाईला कळवा. सगळं कळवा." त्यांचं नाव मी मुद्दाम पुढे करतोय. हे पत्र वाचून संपेपर्यंत तुझा माझ्या शब्दावर फारसा भरवसा उरणार नाही. तेव्हा चांगली बातमी तरी दुसऱ्याच्या तोंडून तुझ्यापर्यंत पोचावी.

हो, साहेब आजारी होते. तेरा दिवस झाले. या तेरा दिवसांत तू रोज संध्याकाळी फोन केलास, रोज विचारलंस, "बाबा, आपली टर्कीची जोडी काय म्हणते?" आणि मी रोज सांगितलं, "मजेत." फोनवर खरं बोलायला जीभ रेटेना, म्हणून पत्र लिहायला बसलो. तू या घरात येऊन अकरा वर्षं झाली. तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, आणि तीही अशी.

तुला आठवतं, ती दोन पिल्लं तू बुटांच्या खोक्यात घालून आणली होतीस? मी म्हटलं होतं, कोंबडी अंडी देते, कुत्रा राखण करतो, हे लांब मानेचं प्रकरण कोणत्या कामाचं? तू शांतपणे म्हणालीस, "बाबा, रिटायर झाल्यापासून तुम्ही तरी कोणत्या कामाचे आहात? तरी सांभाळतोच ना आम्ही." तुझ्या सासूबाई हसून हसून खुर्चीत कलंडल्या होत्या. त्या गेल्यावर मात्र त्या बिनकामाच्या प्राण्यानेच मला सोबत केली. मी अंगणात खोकलो की साहेब लगेच मान पुढे काढून गुडगुड करायचे, जणू माझ्या खोकल्याला पोचपावती. तुझा नवरा जहाजावर, तू दिवसभर कामावर, आणि घरात माझ्या खोकल्याची दखल घेणारा एवढा एकच जीव. तेरा दिवसांपूर्वी मी खोकलो आणि उत्तर आलं नाही. मी तसाच उठलो. जाऊन बघतो तर साहेब कोपऱ्यात पंख पाडून उभे, डोळे अर्धे मिटलेले, गळ्याखालची लालभडक झालर धुऊन विटलेल्या कापडासारखी फिकी, आणि खाली पडलेली शीट पिवळीधमक.

आपल्या इथे पक्ष्याला दाखवायचं म्हणजे काय दिव्य आहे, ते मला तोवर ठाऊक नव्हतं. शहरातल्या पोल्ट्रीच्या डॉक्टरांचा नंबर मिळवून फोन केला. त्यांनी विचारलं, "किती पक्षी?" मी म्हटलं, "एक." ते म्हणाले, "एक हजार?" मी म्हटलं, "नाही हो, एकच." फोन कट. औषधाच्या दुकानात गेलो तर तिथे हजार पक्ष्यांच्या पाण्यात टाकायची पुडी. दुकानदार म्हणाला, "चिमूटभर घ्या अंदाजाने." मी उभ्या आयुष्यात लिफ्टचा एक नट अंदाजाने आवळला नाही, साहेबांना अंदाजाने औषध कसं देणार? उरले आपले जनावरांचे डॉक्टर. ते फक्त मंगळवारी बाजारामागच्या शेडमध्ये बसतात, बाकीचे दिवस गावोगाव गाईंच्या मागे. मंगळवारपर्यंत चार दिवस मी साखर-मिठाचं पाणी नर्सबाईंनी दिलेल्या पिचकारीने थेंबथेंब पाजलं, मक्याचं पीठ पातळ कालवून भरवलं. तुझ्या सासूबाईंची शाल अंगाभोवती गुंडाळून, गरम पाण्याची बाटली पोटाशी ठेवून त्यांना मांडीवर घेऊन बसायचो. दहा किलोचा तो ऐवज. लेकराला घेतलं नसेल इतका वेळ मी त्याला घेतलं. त्यातही चलाखी पहा, चार घास भरवले की दोन माझ्या सदऱ्यावर परत. आजारी पडले तरी साहेब ते साहेबच.

मंगळवारी इस्त्रीवाल्याने त्याच्या स्कूटरवर आम्हाला नेलं, साहेब चादरीत गुंडाळलेले, फक्त डोकं बाहेर. रांगेत एक गाय, दोन बकऱ्या आणि एक कण्हणारा कुत्रा. डॉक्टर बिचारे प्रामाणिक. म्हणाले, "काका, खोटं कशाला बोलू, मी टर्की कॉलेजात पाहिली ती पुस्तकातल्या चित्रात." तरी त्यांनी निगुतीने तपासलं, पोट चाचपलं. मग मला प्रश्न विचारले. त्यातला पहिला होता, "याच्याबरोबर कोंबड्या वगैरे ठेवल्या होत्या का?"

इथे मला थोडं मागे जायला हवं.

तू तुझ्या आईंच्या आजारपणासाठी त्यांच्याकडे जायला निघालीस तेव्हा स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवून गेलीस. नऊ सूचना. पाचपासून पुढच्या माझ्या गोळ्यांच्या आणि गॅसच्या, पहिल्या चार टर्कींच्या. चौथी अशी: 'कुणाच्याही कोंबड्या आपल्या कुंपणात घ्यायच्या नाहीत. एक दिवसही नाही.' खाली दोन रेघा. तू जाऊन चार दिवस झाले नाहीत तोच इस्त्रीवाला आला. त्याच्या छपराचे पत्रे बदलायचे होते. म्हणाला, "लिफ्टकाका, आठ दिवस माझ्या सहा कोंबड्या ठेवून घ्याल का? तुमच्याकडे जागा आहे." सूनबाई, कागद माझ्या नजरेतून सुटला असं मी म्हणणार नाही. तो आला तेव्हा मी चहाची साखर काढायला तेच कपाट उघडलं होतं. चौथी ओळ वाचली, आणि मनात म्हटलं, पोरगी उगाच बाऊ करते, पक्ष्यांतही कसला आपपरभाव. खरं कारण वेगळंच होतं. किती तरी दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे काहीतरी मागायला आलं होतं, आणि 'नाही, सुनेने लिहून ठेवलंय' असं म्हणायला मला कमीपणा वाटला. आठाचे बारा दिवस झाले. कोंबड्या गेल्या, जाताना आभाराचे म्हणून दोन शर्ट कडक इस्त्री होऊन आले.

तर डॉक्टरांनी विचारलं, आणि मी म्हणालो, "नाही. हे दोघेच असतात." इस्त्रीवाला तेव्हा बाहेर स्कूटरपाशी होता, त्याने ऐकलं नाही. डॉक्टरांनी मग सर्दीची पावडर दिली आणि जंताचं औषध दिलं.

तुला माझं काम ठाऊक आहे. तीस वर्षं मी बंद पडलेल्या लिफ्ट चालू केल्या. कुठल्याही इमारतीत पाय ठेवला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: शेवटचा हात कोणी लावला? आणि उत्तरही ठरलेलं: कोणी नाही, आपोआप बंद पडली. मग कंट्रोल पॅनेल उघडावं तर आत कुणाची तरी चहाची चमची अडकवून ठेवलेली. वॉचमन असो की सोसायटीचे चेअरमन, मी कुणाचीही भीड ठेवली नाही. म्हणायचो, अहो, हात लावलात यात गुन्हा नाही, लपवता हा गुन्हा, माझा अर्धा दिवस वाया जातो. जेवताना हे किस्से तुला किती वेळा ऐकवले असतील. तूच एकदा म्हणालीस, "बाबा, तुमच्यासमोर खोटं बोलायची कुणाची छाती नाही." आणि मी त्या शेडमध्ये, पन्नाशीही न गाठलेल्या एका थकलेल्या माणसासमोर, तोंड वर करून म्हणालो: कोणी नाही.

घरी आल्यावर मी आणखी एक काम केलं. डॉक्टरांनी 'जमलं तर जाताना डोकावतो' म्हटलं होतं, म्हणून कपाटाचा कागद काढला आणि घडी करून पाकिटात ठेवला. ते डोकावले नाहीत. सोमवारी माझं ब्लडप्रेशर बघायला नर्सबाई आल्या. माझ्या गोळ्या किती वाजताच्या ते त्या दर वेळी त्या कागदावरच बघतात. कपाट उघडलं, तर दारावर चिकटपट्टीचे चार तुकडे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागच्या ओट्यावरच्या शालीतल्या गाठोड्याकडे पाहिलं. मग विचारलं, "काका, त्या कागदावर कोंबड्यांचं काहीतरी होतं ना? आणि इस्त्रीवाल्याच्या कोंबड्या मी तुमच्या अंगणात पाहिल्या होत्या." माझ्या हाताला पट्टा बांधलेला, आकडा वर चढत चाललेला. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी सांगितलं. फोनवरच, नर्सबाईंसमोर. डॉक्टर म्हणाले, हा आजार कोंबडीच्या पोटात बिनबोभाट राहतो, तिला काही होत नाही. तिच्या शिटेतून मातीत उतरतो आणि त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतो. टर्कीने ती माती चोचीने उकरली की तो थेट यकृताला लागतो. म्हणून जाणकार लोक दोन्ही एका कुंपणात ठेवत नाहीत. मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "काका, मंगळवारीच कळलं असतं तर सहा दिवस मिळाले असते." नवी गोळी कोणती, किती, ते त्यांनी नर्सबाईंना फोनवर सांगितलं. सोमवारी संध्याकाळपासून ती चालू आहे. इस्त्रीवाला येऊन डोळ्यांत पाणी आणून गेला, "काका, मला ठाऊक असतं तर आणल्याच नसत्या." मला ठाऊक होतं, हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. हे पत्र कुरिअरला टाकून येताना त्याच्या टपरीवर थांबून सांगणार आहे.

मी साहेबांसाठी ओट्यावर जमिनीपासून दोन फूट उंच पिंजरा ठोकतोय, खाली फळ्या, फटीतून घाण खाली पडेल अशी. जुन्या लिफ्टची जाळी कामाला आली. त्या कुंपणात आता कुठलीच टर्की सोडायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलंय. कागद पुन्हा कपाटाला लावला आहे. चौथ्या ओळीखाली तू दोन रेघा मारल्या होत्यास, तिसरी मी मारली.

तुझ्या लक्षात आलं असेल, इतकं लिहून झालं तरी मी नुसतं साहेब साहेब करतोय. डॉक्टरांनी त्या मंगळवारी दुसराही प्रश्न विचारला होता: "याआधी एखादा पक्षी दगावला का?" त्यालाही मी नाही म्हणालो. आपली बाईसाहेब गेली, सूनबाई. आज वीस दिवस झाले. तीन दिवस मान टाकून होती, मी म्हटलं ऊन लागलं असेल. तुझ्या आईंच्या खुब्याचं दुसरं ऑपरेशन होतं त्याच सकाळी ती गेली, आणि मी तिला मागच्या भिंतीशी लिंबाखाली पुरलं. त्या दिवशी तुला कसं सांगणार होतो? पण तो एक दिवस झाला. पुढचे एकोणीस दिवस माझे आहेत, त्यांचा भार मी आईंच्या आजारपणावर टाकणार नाही. नुसतं तोंडाने सांगितलं असतं तरी डॉक्टरांना दुखणं तेव्हाच उमगलं असतं. तुला पाठवलेले तिचे सगळे फोटो जुने होते. आई पलंगावर पडल्या पडल्या ते बघून हसतात असं तू सांगायचीस, आणि मी दुसऱ्या दिवसासाठी मोबाईलमध्ये आणखी एक जुना शोधायचो. एका फोटोत मागे दोरीवर तुझी निळी चादर वाळत होती, जी तू सोबत नेली आहेस. तो फोटो गेला त्या संध्याकाळी तू फोनवर क्षणभर थांबलीस, आणि मग मला विचारलंस, "बाबा, तुम्ही जेवलात ना?" काल तू सांगितलंस की पुढच्या रविवारी आईंना घेऊन येतेय, आणि वॉकर घेऊन त्या आधी अंगणातच जाणार, कारण तिचं नाव त्यांनी ठेवलंय. म्हणून हे पत्र. त्यांना कधी, कसं सांगायचं ते तू ठरव. फाटकात उभं राहून मला ते जमणार नाही, आणि तुझ्यावर तिथे एकाएकी ती वेळ येऊ नये. पत्र परवा पोचेल म्हणे. त्या संध्याकाळी तुझा फोन आला तर मी उचलीन, नाही आला तरी मला कळेल. मंगळवारी डॉक्टर साहेबांना पुन्हा तपासतील. रविवारी तुम्ही याल तेव्हा एकच पक्षी असेल, तोही ओट्यावर. तो स्वतःच्या पायांवर उभा असेल, असं डॉक्टर म्हणतात. मी म्हणत नाही.

तुझाच, तू अजून म्हणू देशील तर,
बाबा