चुकीची ओळ

२ एप्रिल २०२५
नाव दिलं! बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त मंडळाची स्पर्धा — ते एक ओळ वाचणार, आपण गाणं ओळखायचं. जोडी लागते. प्रीती म्हणाली, "मला नाही जमणार, आईंना घे." बायकोच नाही म्हणते म्हटल्यावर आईला घेतलं. आईला गाण्यातलं काही कळत नाही. पण बसून राहील. पहिलं बक्षीस मिक्सर.

५ एप्रिल
मानपाड्याला कंपनीत जेवणाच्या सुट्टीत सराव. सोबत काम करणारा हर्षित ओळी वाचतो, मी ओळखतो. चाळीसपैकी सदतीस. बाकीच्या तीन त्याने चुकीच्या वाचल्या असं माझं मत.

९ एप्रिल
आईबरोबर सराव. मी एक ओळ म्हटली. "छान आहे," म्हणाली. ओळखायचं असतं, आई! दुसरी म्हटली. "ही तेवढी नाही छान."
पप्पा पेपरामागे हसले. खोपट डेपोत तीस वर्षं कंडक्टर होते, पण हसताना आवाज करत नाहीत.

१३ एप्रिल, रविवार
हरलो.
शेवटपर्यंत बरोबरीत होतो. शेवटची ओळ मंडळाच्या विश्राम सरांनी वाचली — "उजेड आमच्या घरी आला हात जोडून." हे तर कल्याणात शेंबड्या पोरालाही येतं! दर जयंतीला लाऊडस्पीकरवर असतं. मी घंटीकडे हात नेला, तेवढ्यात आईने माईक ओढला.
"ओळ चुकलीय."
सर म्हणाले, "आई, कार्डावर हेच आहे. कॅसेटमध्येही हेच."
"कॅसेटमध्येही चुकलंय. 'दार मोडून' आहे ते. उजेड कशाला हात जोडील?"
लोक हसले. वेळ संपली. मिक्सर समोरच्या जोडीला.
घरी येताना मी आईशी बोललो नाही. तिला बहुतेक ते कळलंच नाही.

१४ एप्रिल
सकाळी वंदनेला गेलेलो. नंतर तेच गाणं लागलं. हात जोडून. सगळ्या बाया बरोबर गात होत्या. आई पुढच्या रांगेत, तोंड मिटून.

१६ एप्रिल
जेवताना मी पुन्हा मिक्सरचा विषय काढला. पप्पांनी ताट बाजूला सारलं.
"गाणं तिचंच आहे," म्हणाले.
कोणाचं?
"तुझ्या आईचं. चौऱ्याऐंशी साली लिहिलं तिने. गायन पार्टीत मी पेटी वाजवायचो, कागद मीच नेला. पार्टीच्या बुवांना 'दार मोडून' जड वाटलं, त्यांनी बदललं. मला म्हणाले, चांगदेव, छान लिहिलंस. आणि मी — मी गप्प बसलो."
आई वरण वाढत होती. "थंड होतंय," म्हणाली.
एक्केचाळीस वर्षं! वरण खाल्लं.

१७ एप्रिल
कामात लक्ष नाही. आईला गाण्यातलं काही कळत नाही, असं मी २ तारखेला लिहिलंय. खोडणार होतो. नको, राहू दे.

२० एप्रिल, रविवार
पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच मंडळाच्या बैठकीला गेले. मला नको म्हणाले.
तासाभराने विश्राम सरांचा फोन. "तुझ्या वडिलांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं रे. बोलता बोलता रडले." पुढच्या वर्षी कार्डावर आईचं नाव येणार, रमाबाई म्हणून. ओळही दुरुस्त करणार.
पप्पा आले. चपला काढता काढता आईला म्हणाले, "सांगून आलो."
आई म्हणाली, "येताना कोथिंबीर आणायची होती." आणि मोरीत गेली. बराच वेळ नळ चालू होता. घासायला भांडी नव्हती.

२६ एप्रिल
आईने आज मला ओळ घातली. "ओळख."
दोनदा म्हणायला लावली. आठवेना. मोबाइलवर शोधली, तिथेही नाही. हरलो, म्हटलं. कुठलं गाणं?
"अजून व्हायचंय."